पैसा दिल्लीचा, अटी दिल्लीच्या. मग राज्यं 'नाही' कशी म्हणतात?

"पैसे पडून हायेत म्हन्ता, मंग पांदनीवर मुरूम काहून नाही पडत जी?"

पावसाळ्याच्या तोंडावर केळापूर-घाटंजीकडच्या ग्रामसभांमध्ये हा प्रश्न निघतोच. ग्रामसेवकाचं उत्तरही ठरलेलं असतं. (शासनानं आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलंय, गावात ते अजून ग्रामसेवकच आहेत.) "काकू, तो बंधित निधी हाये. पाणी नाहीतर स्वच्छता, दोनच कामं. पांदनीवर टाकला त ऑडिटमंदी मीच फसतो."

दोघांचंही बरोबर आहे. पंधराव्या वित्त आयोगानं (केंद्राच्या पैशाची राज्यांत वाटणी कशी करायची हे सुचवणारा हा आयोग) २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण भागाला जो निधी दिला, त्यातला ६० टक्के भाग बंधित होता: निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, पण पगार आणि आस्थापनेवर तोही खर्च करायचा नाही. गावाला पांदण, म्हणजे शेतात जायचा रस्ता, हवी असते आणि खात्यात पैसे असतात टाकीचे. ही अट गावानं किंवा तालुक्यानं घातलेली नसते, मुंबईनंही नाही. पैसा वरून निघतानाच ती त्याला चिकटून येते.

गावाला या अटीपुढे काही करता येत नाही. राज्य सरकारला मात्र करता येतं, निदान तसा प्रयत्न तरी. गेल्या पाच-सहा वर्षांत तामिळनाडू, केरळ, पश्चिम बंगाल, पंजाब, तेलंगणा या राज्यांनी कधी ना कधी दिल्लीला सांगितलंय की पैसा द्या, पण ही अट आम्हाला मान्य नाही. ही भांडणं टीव्हीवर पक्षांची भांडणं म्हणून दिसतात आणि तेवढ्यावरच सोडून दिली जातात. त्यांच्या मुळाशी पैशाची एक रचना आहे, ती समजली की पुढचं बरंच उलगडतं.

दिल्लीचा पैसा राज्यात तीन वाटांनी येतो. पहिली वाट कराच्या वाट्याची. केंद्र जे कर गोळा करतं, त्यांतल्या वाटून घ्यायच्या रकमेचे ४१ टक्के राज्यांचे, असं पंधराव्या वित्त आयोगानं ठरवलं. त्यात २०२१ ते २०२६ साठी महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता. म्हणजे त्या रकमेतल्या दर शंभर रुपयांमागे आपल्याला २ रुपये ५९ पैसे मिळायचे. या पैशाला अट नाही. तो राज्याचा हक्कच आहे, राज्य तो कुठंही खर्च करू शकतं. एक मेख मात्र आहे. उपकर आणि अधिभार, म्हणजे सेस आणि सरचार्ज, या वाटणीत धरतच नाहीत. ते सगळे केंद्राकडे राहतात. त्यामुळे सेस वाढला की केंद्राकडचा बिनवाटणीचा पैसा वाढतो.

दुसरी वाट वित्त आयोगाच्या अनुदानांची. पांदणीला न चालणारा तो पैसा याच वाटेनं येतो.

तिसरी वाट योजनांची, आणि खरी रस्सीखेच तिथंच चालते. घरकुल, समग्र शिक्षा, राष्ट्रीय आरोग्य अभियान, जलजीवन या सगळ्या केंद्र पुरस्कृत योजना. यांतल्या बहुतेक योजनांत आपल्यासारख्या राज्याला ६०:४० प्रमाण असतं, जलजीवनला निम्मं-निम्मं. घरकुलाचं उदाहरण घ्या. सपाटीवरच्या गावात एका घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यातले ७२ हजार केंद्राचे आणि ४८ हजार राज्याचे. पाटीवर नाव 'प्रधानमंत्री आवास'चं. राज्याचे ४८ हजार त्या पाटीवर दिसत नाहीत, आणि मुख्यमंत्र्यांच्या पोटात दुखायला सुरुवात तिथूनच होते. केरळनं आपल्या 'लाइफ' योजनेच्या घरांवर केंद्राची पाटी लावायला नकार दिला. कारण त्यांनी असं दिलं की घरावर योजनेची पाटी लावणं म्हणजे त्या कुटुंबाला आयुष्यभर 'सरकारी मदतवाले' म्हणून ओळख चिकटवणं. राजकारण बाजूला ठेवलं तरी हा मुद्दा मला पटतो.

आता घटना काय म्हणते? शेती, सार्वजनिक आरोग्य, पाणी, ग्रामपंचायती हे विषय राज्यसूचीतले. शाळा १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत. राज्यसूचीतल्या विषयावर संसद एरवी कायदा करू शकत नाही. पण घटनेत कलम २८२ आहे. केंद्र किंवा राज्य कुठल्याही सार्वजनिक कारणासाठी अनुदान देऊ शकतं, मग तो विषय आपल्या सूचीत नसला तरी चालेल, असं ते म्हणतं. घटनेतली ही एक बारीक फट होती. योजनांच्या युगात तिचा महाद्वार झाला. खासदार निधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये या कलमाचा असा सढळ वापर मान्यही केला. जिथं कायदा करता येत नाही, तिथं योजना करता येते, आणि योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत धोरण बसवता येतं.

आपल्याकडे कृषी केंद्रवाला मृगात बियाणं-खत उधारीवर देतो आणि सांगतो, कापूस मात्र माझ्याच काट्यावर आणायचा. सहीसुद्धा न घेता शेतकरी बांधला जातो. योजनेच्या अटी अशाच काम करतात. फरक एवढाच की कृषी केंद्रवाल्याचा माल त्याचा स्वतःचा असतो. इथं उधारीवर मिळणाऱ्या पोत्यात आपल्याच करातले पैसे असतात.

म्हणून सगळ्या अटी वाईट का? मुळीच नाही. हिशेब द्या, उपयोगिता प्रमाणपत्र द्या, घराचा जिओ टॅग फोटो टाका, पैसा एकाच खात्यात ठेवा, या अटी पैशाची राखण करणाऱ्या आहेत. त्यांचा जाच होतो हे खरं. पण कागदावर बांधलेल्या विहिरी ज्यांनी पाहिल्यात, ते या अटींना नावं ठेवणार नाहीत. दुसऱ्या जातीच्या अटी वेगळ्या. त्यांत केंद्र म्हणतं: हा पैसा हवा असेल, तर त्या दुसऱ्या विषयातलं आमचं धोरणही स्वीकारा. भांडण पेटतं ते या दुसऱ्या जातीवर.

तामिळनाडूचं प्रकरण याच जातीचं. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम श्री ही योजना मंजूर केली. देशभरातल्या साडेचौदा हजार शाळा निवडून आदर्श करायच्या, एकूण खर्च २७,३६० कोटी रुपये, त्यात केंद्राचे १८,१२८ कोटी. शाळा सुधारणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? पण सामंजस्य करारात एक परिच्छेद होता: राज्य नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० पूर्णपणे राबवेल. त्या धोरणात त्रिभाषा सूत्र आहे. तामिळनाडूत १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषांचं धोरण चालतं आणि तिथं ते कुठल्याही पक्षाला सोडता येण्यासारखं नाही. राज्यानं जुलै २०२४ मध्ये तो परिच्छेद वगळून करार परत पाठवला. केंद्राला हे चाललं नाही.

इथवर ठीक. पीएम श्री नको, तर पीएम श्रीचा पैसा नको, एवढ्यावर हिशेब मिटायला हवा होता. पण केंद्रानं समग्र शिक्षेचा पैसा अडवला. ही वेगळी, जुनी, सगळ्या सरकारी शाळांना लागणारी योजना आहे. अर्धवेळ शिक्षकांचं मानधन, दिव्यांग मुलांसाठीचे विशेष शिक्षक, शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागांवर शिकणाऱ्या गरीब मुलांची फी, हे सगळं तिच्यातून भागतं. २०२४-२५ साठीचे २,१५२ कोटी रुपये थांबले. मे २०२५ मध्ये राज्य घटनेच्या कलम १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. हे कलम केंद्र आणि राज्य यांच्यातल्या वादासाठीच आहे. खालच्या कोर्टांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. दरम्यान मद्रास उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की शिक्षण हक्काच्या फीचं दायित्व कायद्यातून आलेलं आहे, ते शिक्षण धोरणाला बांधता येणार नाही.

या साऱ्यात पहिला फटका कुणाला बसला? २०२५-२६ ला तामिळनाडूत शिक्षण हक्काचे प्रवेशच रखडले. ना दिल्लीच्या मंत्र्याचं काही अडलं, ना चेन्नईच्या. माझ्या मते दुसऱ्या योजनेचा पैसा रोखणं हे सरळसरळ चूक होतं. पण राज्यानं आपल्या तिजोरीतून त्या मुलांची फी वेळेत भरायला हवी होती, हेही तितकंच खरं.

केरळनं याच करारावर ऑक्टोबर २०२५ मध्ये सही केली, आघाडीतल्या भाकपनं गोंधळ घातला आणि आठवड्याभरात सरकारनं तो करार थंड्या बस्त्यात टाकायचं ठरवलं. पंजाबनं आधी सही केली, मग माघार घेतली, मग पुन्हा होकार दिला. पैशाची ओढ आणि तत्त्वाची ओढ यांत राज्यं अशीच हेलकावत असतात. महाराष्ट्र पीएम श्रीत पहिल्यापासून आहे. गंमत अशी की पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतूनच निघाला, त्यासाठी कुणी निधी अडवला नव्हता, आणि लोकांच्या रेट्यापुढे २९ जूनला तो मागे घ्यावा लागला.

आता पैनगंगेच्या पलीकडे जाऊ. पाटणबोरीहून पूल ओलांडला की आदिलाबाद जिल्हा. तिथल्या शेतकऱ्याला १ जानेवारी २०१८ पासून चोवीस तास फुकट वीज, आणि आपल्या बाजूला रात्रपाळीत ओलीत करणारे लोक. कापूस विकायला पलीकडे गेलेल्या माणसानं हा फरक पाहिलेला असतो. त्या विजेमागेही अटीचीच एक गोष्ट आहे. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, केंद्रानं राज्यांची कर्ज काढायची मर्यादा सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर नेली. पण वाढीतला एक टक्का चार सुधारणांना बांधला, प्रत्येकीला पाव टक्का: एक देश एक रेशन कार्ड, उद्योगांना परवाने सोपे करणं, नगरपालिकांचं उत्पन्न आणि वीज वितरण. नंतर २०२१-२२ पासून विजेतल्या सुधारणांसाठी वेगळं अर्धा टक्का जादा कर्ज ठेवलं, आणि तिथं शेतीपंपांना मीटर लावण्यालाही गुण होते.

आंध्रानं श्रीकाकुळम जिल्ह्यात मीटर लावून पाहिले. तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्रशेखर राव मात्र सभांमधून सांगत सुटले, जीव गेला तरी मोटारींना मीटर लावणार नाही, त्यासाठी हजारो कोटींचं जादा कर्ज सोडलं. केंद्राचं म्हणणं असं की सक्ती कुणावरच नव्हती, अट पाळा आणि कर्ज घ्या, नसेल पाळायची तर घेऊ नका. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि 'ऐच्छिक' अटीची खोच नेमकी यातच आहे. राज्याला नवं कर्ज काढायचं तर कलम २९३ खाली केंद्राची परवानगी लागते, कारण राज्यावर केंद्राचं जुनं कर्ज असतं. परवानगी देणाराच अट घालणारा असला, तर त्या ऐच्छिकपणाला कितपत अर्थ उरतो?

अमेरिकेत हा वाद जुना आहे. तिथं १९८४ च्या कायद्यानं दारू पिण्याचं वय २१ न करणाऱ्या राज्याचा महामार्गाचा थोडा निधी कापायचं ठरलं. साउथ डकोटा राज्य कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये हरलं. कोर्टाचं म्हणणं साधारण असं: कपात लहान आहे, अटीचा रस्त्याच्या सुरक्षेशी संबंध आहे, तेव्हा चालेल. पुढं २०१२ मध्ये गरिबांच्या आरोग्य योजनेचा विस्तार न करणाऱ्या राज्याचा जुना सगळाच निधी बंद करायची तरतूद कोर्टापुढे आली, तेव्हा त्याच कोर्टानं सांगितलं, हे आमिष नव्हे, जबरदस्ती आहे. आमिष किती मोठं झालं की ते बळजबरी ठरतं, याचं एक माप तिथं तयार झालं. समग्र शिक्षेचा पैसा अडवण्याचं प्रकरण त्या मापाला लावून पाहिलं तर ते कुठं बसेल, याचा अंदाज वाचकाला येईलच. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं असं माप स्वच्छ शब्दांत घालून दिलेलं नाही. राज्यांच्या कर्जमर्यादेवरचा केरळचा दावा एप्रिल २०२४ मध्ये घटनापीठाकडे गेला, तो यासाठीच महत्त्वाचा.

बंगालची गोष्ट आपल्या मजुरांना सर्वांत जवळची वाटेल. ९ मार्च २०२२ रोजी केंद्रानं मनरेगाच्या कलम २७ वर बोट ठेवून बंगालचा पैसा थांबवला. काही जिल्ह्यांत घोटाळे सापडले, राज्यानं सूचना पाळल्या नाहीत, हे कारण. घोटाळे झाले नव्हते असं बंगालचं सरकारही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. पण थांबलं ते सगळ्या राज्याचं काम, तीन वर्षांहून अधिक काळ. ज्यानं घाम गाळून तलाव खोदला त्याची मजुरीही अडकली. शेवटी २०२४ मध्ये राज्यानं एकवीस लाख मजुरांची थकबाकी स्वतःच्या तिजोरीतून द्यायचं ठरवलं, आणि पन्नास दिवसांच्या कामाची 'कर्मश्री' ही स्वतःची योजना काढली. घरकुलाचंही तेच: 'बांग्लार बाडी' नावानं डिसेंबर २०२४ पासून १ लाख २० हजार रुपये राज्यानंच द्यायला सुरुवात केली. कलकत्ता उच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये सांगितलं, चौकशी करा, वसुली करा, बंगालपुरत्या जास्तीच्या अटीही लावा. पण योजना कायमची गोठवून ठेवता येणार नाही, १ ऑगस्टपासून सुरू करा. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथं ऑक्टोबरमध्ये अपील फेटाळलं गेलं.

या सगळ्यातून माझ्या हाती एक गोष्ट लागते. नकार ज्याला परवडतो, त्याचाच नकार टिकतो. कोर्टाचा निकाल यायला वर्षं जातात, मजुराची चूल तोवर थांबत नाही. ज्या राज्याकडं त्या मधल्या काळात स्वतःचा पैसा टाकायची ऐपत आणि तयारी आहे, तेच दिल्लीशी बरोबरीनं बोलू शकतं.

महाराष्ट्राकडं ही ऐपत एके काळी होती, आणि तीही रोजगाराच्याच बाबतीत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा राज्याचा. त्यासाठी शहरांतल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या बाबूच्या पगारातून कापलेला कर मेळघाटातल्या बंधाऱ्यावर खर्च होत होता, मध्ये दिल्ली कुठंच नव्हती. दिवसांची मर्यादाही नव्हती. केंद्राचा कायदा २००५ साली आला, तेव्हा त्यात ज्या राज्यांचा स्वतःचा असा कायदा आहे, त्यांना तो ठेवण्याची मुभा दिली गेली, ती मुख्यतः आपल्यामुळे. आपण कायदा ठेवला. शंभर दिवसांची मजुरी केंद्राची, वरची राज्याची, अशी सोय झाली. पण केंद्राचा पैसा आला तशा केंद्राच्या अटीही आल्या. जानेवारी २०२३ पासून कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो, जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यातच मजुरी. धारणी-चिखलदऱ्याच्या ज्या खोऱ्यात फोनला रेंज नाही, तिथं रोजगार सेवक फोटो काढून टेकडी चढतो आणि वर गेल्यावर तो अपलोड करतो. नाही झाला, तर त्या दिवसाची हजेरी गेली. २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. ते कुणाचे बुडाले, हे सांगायला नको.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला, 'व्हीबी-जी राम जी' या नावानं ओळखला जाणारा. दिवस १०० वरून १२५ झाले, ही चांगली बाजू सगळीकडं छापून आली. पैशाची बाजू कमी लोकांनी वाचली. आधी अकुशल मजुरीचा पूर्ण पैसा केंद्र द्यायचं. आता आपल्यासारख्या राज्याला ४० टक्के घालावे लागणार. कोणत्या राज्याला वर्षाला किती, हे केंद्र आधीच ठरवणार, आणि त्यावर खर्च गेला तर तो राज्याच्या अंगावर. पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायचीही तरतूद आहे. म्हणजे हमी कायद्यात आणि आकडा दिल्लीत. होळीनंतर मेळघाटातून गाड्या भरून लोक बाहेर पडतात, त्या काळात मागणी वाढली तर वाढीव बिल मुंबईला भरावं लागेल. मुंबई भरेल का, हा प्रश्न विदर्भातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कारण अटी आणि आखडता हात ही काही फक्त दिल्लीची खोड नव्हे. विदर्भाचा अनुशेष मोजून निधीचं न्याय्य वाटप व्हावं म्हणून कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ झालं. ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली आणि ते बंद पडलं. दिल्लीनं आमचा वाटा मारला म्हणणारी मुंबई, गडचिरोली-यवतमाळचा वाटा देताना नेहमीच सढळ असते, असं कुणी म्हणणार नाही. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातल्या, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट द्यायचा २०१५ चा निर्णय हा या बाबतीत सुखद अपवाद. त्याचं नावच 'अबंध निधी'.

आणि मोठी हानी तर अशा एका अटीनं झाली की जी अट मुळात आपल्या भल्याची होती. वित्त आयोगाचा पैसा लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेलाच मिळेल, प्रशासकाला नाही. पंधराव्या आयोगाच्या काळात आपल्याकडे या निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला जायचे. अमरावती, यवतमाळ, वर्धा या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले, आणि वरच्या दोन पायऱ्यांचा पैसा अडकला. या अटीला महाराष्ट्रानं विरोध केला नव्हता. ती मोडली मात्र वर्षानुवर्षं.

आपल्या गावाचं काय, हे पाहायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की मंजूर आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. पुढच्या ग्रामसभेआधी अबंधित निधीत काय काय धरलंय तेवढं वाचून जा. पांदणीचा मुरूम बसला तर त्यातच बसतो.